तिसरा नमुना

पीएच.डी.च्या शेवटच्या वर्षी माझा सगळा जीव एका पांढऱ्या लगद्यात अडकला होता. पाण्यात प्लास्टिकचे अतिसूक्ष्म कण इतके दाटीवाटीनं भरलेले, की एकालाही शेजाऱ्यांमधून बाहेर पडता येत नसे. त्यामुळे लगदा घट्ट राहायचा. तो यंत्राच्या दोन चकत्यांमध्ये ठेवून वरच्या चकतीला ठरावीक पीळ देत राहायचं आणि लगदा कधी वाहू लागतो ते पाहायचं. पहिला नमुना दहा मिनिटांत वाहिला, दुसरा दोन तासांनी.

तिसऱ्याच्या दिवशी बाबा मंगळवार पेठेतून डबा घेऊन आले. लगदा किती सरकला ते दाखवणारी यंत्राच्या पडद्यावरची रेघ जवळजवळ आडवी होती.

“हललंय कुठं? घट्ट हाय की,” ते म्हणाले.

“आतून सरकतंय, बाबा.”

“मग सुटणार कधी?”

“सांगता येत नाही.”

डबा उघडेपर्यंत रेघ सरळ वर चढली. लगदा वाहत होता. पीळ तोच, लगदा तोच, वेळ पुन्हा वेगळी.

“तुझं काय चुकलं?”

“काहीच नाही,” म्हणताना मला रडू फुटलं. चूक सापडली असती तर दुरुस्त तरी केली असती.

बाबांनी भाकरी मोडून माझ्या हातात दिली. जेवून मी चौथा नमुना भरला.