दसऱ्याला उतरणारा कागद

दर शनिवारी सकाळी सातच्या बसने लतिकाबाई दिघे धारहून निघत, इंदूरला बस बदलत आणि दहाच्या सुमारास देवासला मुनीर काझींच्या ओसरीवर जाऊन बसत. चौसष्टाव्या वर्षी त्यांनी फारसी शिकायला घेतली, तेव्हा घरात सगळे हसले होते. तीन वर्षांत हसायचंही लोक विसरले. कागद मात्र अजून वाचून झाला नव्हता.

कागद म्हणजे सासरची फारसीतली सनद. ती देवघराच्या भिंतीवर काचेच्या चौकटीत असायची आणि फक्त दसऱ्याला खाली उतरायची. पूजा झाली की थोरले दीर भैयासाहेब सांगायचे, मूळपुरुष भगवंतरावांनी नालछ्याच्या वाटेवर तलवार गाजवली, त्याचं हे बक्षीस. नवी सून असताना लतिकाबाईंनी विचारलं होतं, "असं त्यात लिहिलंय का?"

"तुला वाचता येतं का?" सासरे म्हणाले होते. "नाही ना? मग बस."

ते 'बस' त्यांच्या मनातून कधी गेलं नाही. आता काचबिंदूने डाव्या डोळ्याला कडेचं दिसेनासं झालं होतं. यंदाच्या दसऱ्याला सनद सगळ्यांसमोर वाचायचीच, असं त्यांनी ठरवलं होतं.

एरवी चौकट भिंतीवरून काढायची नाही, हा घरचा नियम. त्यामुळे अभ्यास सगळा काचेवरून काढलेल्या फोटोवर. अक्षर शिकस्ता, म्हणजे घाईने मोडून लिहिलेलं. फारसीत बरीच अक्षरं टिंबांवरूनच ओळखायची, आणि लिहिणाऱ्याने टिंबं जवळजवळ दिलीच नव्हती. वर जुन्या कुंकवाचे डाग.

"बाईसाहेब, आप फिर अंदाज़ा लगा रही हैं," काझी म्हणायचे. "मराठीतला शब्द दिसला की तुम्ही धावत सुटता. पढ़िए, पहचानिए मत."

"तीन साल से पढ़ ही तो रही हूँ! माझे डोळे चाललेत, काझीसाहेब. या भल्या माणसाची टिंबं कुठे गेली?"

"वो तो उसी से पूछना पड़ेगा," काझी म्हणाले आणि चहा ओतू लागले.

पहिल्या सहा ओळींत सुभेदाराच्या पदव्या निघाल्या. त्या सोडवायला दोन वर्षं गेली होती. दसऱ्याच्या आधीच्या शनिवारी सातवी ओळ सुटली. लतिकाबाईंनी ती एकटीने, न अडखळता वाचली. "नाव, गाव आणि कारण, ज़िम्नात लिहिल्याप्रमाणे. ज़िम्न म्हणजे?"

काझींनी चष्मा काढला. "काग़ज़ की पीठ. पूरा ब्योरा वहीं रहता है. पीछे का फोटो दिखाइए."

"मागचा फोटो?" लतिकाबाईंचा आवाज चढला. "तीन वर्षांत तुम्ही एकदा तरी विचारलंत?"

"मुझे लगा, देख लिया होगा. काग़ज़ तो आपका है."



दसऱ्याला पूजा होताच त्या म्हणाल्या, "भैयासाहेब, चौकट उघडा."

"अगं, सणाच्या दिवशी ही कसली खटपट?"

"नाव मागे लिहिलंय. भगवंतरावांचं आहे की नाही, ते बघू या."

पकडीने खिळे उपटले गेले. काच निघाली. कागद मात्र निघेना. तो अख्खा प्लायवुडवर चिकटवलेला होता.

भैयासाहेब ओशाळले. "तुझ्याच लग्नात केली ही चौकट. पाहुण्यांना नीट दिसावी म्हणून. मीच खळ लावली. सुरकुती राहू नये म्हणून तीनदा हात फिरवला."

"मागे काही लिहिलेलं होतं?"

"होतं काहीतरी वेडंवाकडं. आम्हांला वाटलं, कुणीतरी टाक चालवून पाहिला असेल."

लतिकाबाईंना ओरडावंसं वाटलं. ओरडणार कुणावर? त्यांनी भिंग घेतलं. खालच्या उजव्या कोपऱ्यात नखाएवढी खळ सुटली होती. तिथे त्यांनी नख घातलं, कागद तडकू लागताच काढून घेतलं.

"दिसतंय काही?" भैयासाहेब वाकले.

"एका अक्षराचं शेपूट."

"कोणत्या?"

"टिंब असतं तर सांगितलं असतं."

नैवेद्याच्या पुरणपोळ्या गार होत होत्या. भैयासाहेब काच हातात धरून तसेच उभे राहिले. भगवंतरावांची गोष्ट त्यांनी त्या वर्षी सांगितली नाही.

"परत बसवू?" त्यांनी विचारलं.

"काच बाजूलाच राहू द्या," लतिकाबाई म्हणाल्या. "आणि मला एक जुनी चादर द्या, गुंडाळायला. शनिवारी ही माझ्याबरोबर देवासला येतेय, खळ सुटते का ते काझीसाहेबांना विचारायला."

"अगं, पण नियम..."

"तुम्हाला वाचता येतं का?" लतिकाबाईंनी विचारलं.

भैयासाहेब चादर आणायला गेले.