जरा अडचण आहे

विमान चालवायला शिकवणाऱ्या बाईंना सगळे ताईच म्हणत. त्या दिवशी शिकाऊ मुलीला घेऊन परतताना त्यांच्या छोट्या विमानाचं इंजिन खोकू लागलं. इंजिनात गरम हवा सोडणारा खटका ओढला तरी खोकणं थांबेना. मुलगी पुटपुटली, "टॉवरला सांगू का, जरा अडचण आहे म्हणून?"

"जरा अडचण ही घरी पाहुणे आल्यावर असते गं," ताई म्हणाल्या आणि रेडिओवर ठणकावून तीनदा बोलल्या, "पॅन पॅन!" म्हणजे, जीवावर बेतलेलं नाही, पण आधी आम्हाला उतरू द्या. टॉवरने प्रवाशांची मोठी विमानं घिरट्या घालत ठेवली आणि ताई सुखरूप उतरल्या.

जमिनीवर मात्र इंजिन शहाण्या बाळासारखं चालू लागलं. मिस्त्री म्हणाला, "ताई, आत बर्फ धरला असणार. इथे येईस्तोवर वितळला."

झालं! विमानशाळेच्या मुख्य साहेबांचा पारा चढला. "वर सगळ्यांना ताटकळत ठेवलंत! शाळेची शोभा झाली. उद्या वर्गात सांगा, घाबरले, चूक झाली. नाहीतर शिकवणं विसरा."

रात्री पोळ्या लाटता लाटता सासूबाई म्हणाल्या, "म्हणून टाक ना. तोंडाने म्हणायला काय जातं?"

"जातं ना, आई. उद्या ही पोरं वर एकटी असतील आणि लाजेने गप्प बसतील."

सकाळी साहेब वर्गात मागे हाताची घडी घालून उभे राहिले. ताईंनी घसा खाकरला.

"चूक झाली खरी," त्या म्हणाल्या. साहेबांच्या मिशीत हसू फुटलं. "पहिला खोकला ऐकताच बोलायला हवं होतं. मी दुसऱ्याची वाट पाहत बसले."

हसू जागच्या जागी मावळलं. "उद्यापासून येऊ नका!"

"बरं. पण तसं लिहून द्या. आणि कारणही लिहा, इंजिन बिघडल्यावर या बाईंनी मदत मागितली."

साहेबांचा हात खिशातल्या पेनाकडे गेला, तिथेच घुटमळला आणि रिकामाच परतला. ते दार आपटून गेले. आपली नोकरी राहिली की गेली, हे ताईंना कळलं नाही. त्यांनी विचारलंही नाही.

"हं, आता मेडे. जीवावर बेतलं की हेच म्हणायचं, पॅन पॅन नव्हे. समजा, पंखाला आग लागलीय. रेडिओवर कोण बोलतंय? आणि पोरांनो, दबक्या आवाजात नको. पार साहेबांच्या खोलीत ऐकू गेलं पाहिजे!"