न धुतलेली साडी

लेकीच्या लग्नात मी विहीणबाईंना घेतलेली साडी त्यांनी परत पाठवली होती. हे मी आधीच सांगून टाकते, कारण मनात ठेवून बोलायची मला सवय नाही. साडी सुती होती, जांभळी, बारीक काठाची. अकोल्यात जठारपेठेत मी घरीच फॉल-पिकोचं काम करते. रोज इतक्या साड्या हातातून जातात की डोळे मिटून सूत ओळखते. ती साडी मी दुकानं पालथी घालून निवडली होती. पण विहीणबाई पडल्या अमरावतीच्या, मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. खळ दिलेल्या कडक साडीशिवाय त्या दारातसुद्धा यायच्या नाहीत. भर मांडवात त्यांच्या जावेच्या हाती साडी माझ्याकडे परत आली. "ताईंना असल्या चालत नाहीत," जाऊ म्हणाली. झालं! मी ती घडीसकट कपाटाच्या तळाशी टाकली. नेसले नाही, कोणाला दिलीही नाही. एवढा जपलेला राग कोणी वाटून टाकतं का?

पुढे लेक-जावई कॅनडाला गेले. नात तेव्हा रांगत होती. तिकडे लेकीला मनासारखी नोकरी मिळेना. किती ठिकाणांहून नकार आले ते तिनं मला कधी सांगितलं नाही, पण फोनवरचा आवाज दिवसेंदिवस बारीक होत गेला. अखेर नोकरी लागली, आम्ही गल्लीत पेढे वाटले, आणि पेढ्यांचा डबा रिकामा व्हायच्या आत तिचा फोन आला. "आई, पोरीला कुठं ठेवू?"

"कुठं ठेवू म्हंजे? पाळणाघरात ठेव. आपल्या गल्लीतच दोन आहेत."

"आई, इकडं पोटात असतानाच पाळणाघरात नाव लावून ठेवतात लोक."

"अवो माय! लेकराचं नाव ठेवायच्या आधीच नाव लावतात?"

मग तिनं एकेक सांगितलं, आणि मी खाली बसून ऐकलं. सरकार पैसे भरतं अशी स्वस्त पाळणाघरं आहेत, पण त्यांची रांग वर्षभर तरी हलत नाही. ज्यांना सरकारी मदत नाही तिथं जागा मिळते, पण तिचा जवळजवळ सगळा पगार तिथंच जायचा. शेजारच्या इमारतीत एक पंजाबी बाई घरी चार-पाच मुलं सांभाळायची, तिच्याकडे जागा नव्हती. घरी येऊन सांभाळणारी बाई लावावी तर तिचा पगार लेकीपेक्षा जास्त. रुपयात किती होतात ते मी एकदा मोजलं, पुन्हा मोजायची हिंमत झाली नाही. आपल्याकडे लेकरू शेजारणीच्या ओट्यावर ठेवून बाई बाजारात जाऊन येते. आणि तिकडे लेकराला चार घटका कुणी धरावं, याची एवढी किंमत! मला तिकडच्या लोकांचं नवलच वाटलं. मग मनात आलं, आपण ही किंमत आजवर कुणालाच दिली नाही.

दोन्ही घरांतून एकच उत्तर गेलं: पोरीला इकडं पाठवून द्या. मी म्हटलं अकोल्याला, विहीणबाई म्हणाल्या अमरावतीला. त्यावरून आमची धुसफूस सुरू होणार तेवढ्यात लेक म्हणाली, "आई, ती मला विसरून जाईल. त्यापेक्षा मी नोकरी सोडते." हे ती रडत म्हणाली असती तर मी समजूत काढली असती. पण ती अगदी शांतपणे म्हणाली. इतक्या नकारांनंतर मिळालेली नोकरी होती ती.

तेव्हा ठरलं की आम्हा दोघींनाच जावं लागणार. पाहुणीला तिकडे सहा महिने राहता येतं. दोघी एकदम गेलो तर दोघींचे महिने एकदमच संपणार, म्हणून एकीमागून एक. आधी मी, मग विहीणबाई. तोवर रांगेत नंबर लागेल. पोरगी दोघींपैकी एकीजवळ जरी राहिली नाही, तरी सगळं मुसळ केरात.

मी मशीनवर चादर घातली आणि गेले. साडीवर स्वेटर, पायात जावयाचे मोजे, असं माझं ध्यान. तिकडचा बर्फ, तिकडची शांतता, काय सांगू! एकदा खिडकीतून पाहिलं तर पाळणाघराची दहा-बारा चिल्लीपिल्ली एका लांब दोरीला धरून बर्फातून चालली होती. प्रत्येकाच्या मुठीत दोरीची आपापली कडी. एकही रडत नाही, एकही सोडत नाही. मी नातीला कडेवर घेऊन पाहतच राहिले. ज्यानं कुणी ही दोरी पहिल्यांदा काढली असेल त्याला माझा नमस्कार, असं मी जावयाला म्हटलंसुद्धा.

माझ्या नातीची दोरी म्हणजे माझा पदर. झोप आली की ती पदराचं टोक मुठीत धरायची, नाकाशी न्यायची, आणि मी थोपटत म्हणायची, "झोप वं माये, आजी अठीच हाये." अठीच, म्हणजे इथंच. दोन ओळींत पोरगी गपगार. दुधापेक्षा साय प्यारी म्हणतात ते काही उगाच नाही.

सहा महिने संपले. ती झोपलेली असतानाच मी निघाले. पुढचे काही दिवस जावयानं सुट्टी घेतली होती. लेक फोनवर सांगायची की पोरगी घरभर दारं उघडून पाहते. न्हाणीघराचं दार उघडते, कपडे टांगायच्या कपाटाचं उघडते, आत पाहते आणि पुन्हा लावते. दिवसाची झोप तर पारच गेली. ते ऐकून मी अकोल्यात बसून ढसाढसा रडले, मग येणाऱ्या बायांवर उगाच डाफरले.

अशात विहीणबाईंचा फोन आला, तोही एसटीनं अर्ध्या वाटेवरचं मूर्तिजापूर सोडल्यावर. "मी तुमच्याकडे येते आहे."

एप्रिलचं ऊन. बाहेर कुत्रंसुद्धा दिसत नव्हतं. ही बाई एसटीतून उतरली तर साडीला चुणी नाही! नाकावर माशी बसू न देणारी विहीण लग्नानंतर पहिल्यांदा माझ्या दारात आली होती. मी मनात म्हटलं, अडला हरी गाढवाचे पाय धरी. मग लक्षात आलं, या म्हणीत गाढव मीच की!

"या, बसा. पानी घ्या. काऊन येवढ्या उन्हाच्या निघाल्या?"

"शिकायला आले आहे," त्या म्हणाल्या. "ती काय खाते, कशी झोपते, सगळं सांगा."

मी सांगत गेले आणि त्या कूलरसमोर ताठ बसून ऐकत गेल्या. झोपवायच्या ओळी मी म्हणून दाखवल्या तर त्याही म्हणायला लागल्या. "झोप गं माये, आजी इथेच आहे."

"इथेच आहे नाई. अठीच हाये."

उभ्या आयुष्यात ज्यांनी पोरांचं वऱ्हाडी दुरुस्त केलं, त्या माझ्यासमोर बसून "अठीच हाये, अठीच हाये" घोकत होत्या. आमचे हे आतल्या खोलीत होते, त्यांना हसू आवरेना. मला मात्र हसू आलं नाही. हे काहीतरी वेगळंच चाललंय, एवढं मला कळत होतं.

मग त्यांनी चष्मा काढून पदरानं पुसला. "आणखी एक मागायचं होतं. तुमची एखादी नेसलेली साडी द्या. न धुतलेली."

मला आधी समजलंच नाही. मग उमगलं, पोरीला माझा वास यावा म्हणून. विहिणीची घामाची साडी नेसून ही बाई माझ्या नातीजवळ बसणार होती! आपल्याकडे विहिणीचा मान म्हणून लोकांची अर्धी लग्नं रुसव्यात जातात, आणि ही मुलाची आई मुलीच्या आईकडे न धुतलेली साडी मागत होती.

पण मी तिकडून आल्याबरोबर सगळ्या साड्या धुऊन टाकल्या होत्या. परदेशाहून आलेल्या बाईनं आणखी काय करावं? मग मी उठले, कपाट उघडलं आणि तळाची जांभळी साडी काढली. मुद्दामच काढली, खोटं कशाला सांगू. त्यांच्यापुढे ठेवली आणि म्हटलं, "ही चालन का? हिले मी आता नेसून देतो."

त्यांनी ओळखली. त्यांचा चेहरा हलला नाही, पण त्यांनी काठ हातात घेऊन अंगठ्यानं चोळून पाहिला. बराच वेळ पाहिला.

"मऊ आहे," त्या म्हणाल्या. "तेव्हा मी हातच लावला नव्हता."

मी मशीनवरची चादर काढली आणि त्या गेल्या त्याच दुपारी साडीला फॉल लावला. मग ती साडी मी दिवसरात्र नेसले. तिच्यातच फोडणी दिली, तिच्यातच डोक्याला तेल लावलं, तिच्यातच झोपले. अकोल्याच्या उन्हात साडीला माणसाचा वास यायला काही कष्ट पडत नाहीत. आमचे हे म्हणाले, "आता जवळ बसवत नाई तुयाजवळ." मी म्हटलं, "बसू नका. तुमच्यासाठी नाई हे."

त्यांच्या विमानाच्या आदल्या दिवशी मी ती साडी नेसूनच अमरावतीला गेले. बसमध्ये शेजारची बाई सरकून बसली, मी तिकडे पाहिलंच नाही. विहीणबाईंच्या खोलीत साडी सोडली, आम्ही दोघींनी मिळून तिची घडी केली, प्लास्टिकच्या पिशवीत घातली आणि पिशवीचं तोंड घट्ट बांधलं. आणि मग मला आठवलं की बदलायला दुसरी साडी मी आणलीच नाही! नुसत्या परकर-पोलक्यात विहिणीच्या घरात उभी. विहीणबाई इतक्या हसल्या, इतक्या हसल्या की त्यांना खाटेवर बसावं लागलं. मी त्यांना हसताना पहिल्यांदाच पाहत होते. त्यांनी आपलं कपाट सताड उघडलं, "घ्या, हवी ती घ्या" म्हणाल्या, आणि कुंकू लावलं. परतीच्या बसमध्ये बडनेरा येईपर्यंत ती खळीची साडी माझ्या अंगावर करकर वाजत होती.

त्या पोचल्या. पहिल्या दिवशी लेकीचा फोन आला, "आई, पोरगी त्यांना पाहून दाराआड लपते." दुसऱ्या दिवशीही तेच. त्या जवळ गेल्या की रडून रडून उलटी करायची. मी विचारलं, "साडी नेसल्या का?"

"कोणती साडी? त्या आपल्या त्यांच्याच साड्या नेसतात. आई, यांची सुट्टी संपली. सोमवारी असंच झालं तर मी ऑफिसात सांगून टाकते की मला जमणार नाही."

मी फोन ठेवला तो आपटूनच. पिशवी उघडलीच नाही बाईनं! सुंभ जळाला तरी पीळ जात नाही तो नाहीच. आमचे हे म्हणाले, "फुगून काऊन बसली? लाव फोन, विचार त्याईले."

"मी कायले विचारू?"

पण रागातही मला कळत होतं. आपल्याच नातीनं आपल्याला आपण म्हणून ओळखावं, असं कोणत्या आजीला वाटणार नाही? आधी त्या स्वतःचंच नशीब अजमावून पाहत होत्या. त्या जागी मी असते तर मीही ती पिशवी उघडली नसती. दुसरीच्या वासाआड, दुसरीच्या बोलीआड, दुसरीच म्हणून नातीला कुशीत घ्यायचं, हे माझ्याच्यानं झालं नसतं. मी देवापुढे बसले आणि नोकरीसाठी मागायचं की विहिणीसाठी, हेच मला सुचेना.

सोमवारी संध्याकाळी मी दिवा लावला आणि फोन वाजला. तिकडे तेव्हा सकाळ, पोरीच्या सकाळच्या झोपेची वेळ. व्हिडिओ कॉल विहीणबाईंचा होता. मला वाटलं, आता सांगणार की जमत नाही.

पडद्यावर आधी नुसता जांभळा रंग दिसला. मग फोन मागे सरकून समोर कशाला तरी टेकला. विहीणबाई भिंतीला टेकून जमिनीवर बसल्या होत्या, एक हात अवघडलेला. साडी चुरगळून गेली होती, केस सुटले होते. त्यांच्या छातीवर माझी नात तोंड उघडं टाकून झोपली होती, आणि पदराचं टोक तिच्या मुठीत, नाकाशी. घरात दुसरं कुणी नव्हतं. लेक कामाला गेली होती.

"अवो माय," मी ओरडलेच, "झोपली!"

त्यांनी मोकळ्या हाताचं बोट ओठांवर ठेवलं. डोळे भरलेले होते, पण त्या हसत होत्या.

"हळू बोला, विहीणबाई," त्या कुजबुजल्या. "तुमच्याजवळ झोपली आहे."