तोंड मिटून लातूर ते इस्लापूर

मराठवाड्यातल्या मासे पाळणाऱ्यांनो, या दुष्काळात तुम्हीही शेजाऱ्यांकडून हे ऐकलं असेल: "माणसांना प्यायला न्हाई, अन् यांचे मासे पोहून राहिलेत!" उत्तर द्यायला मी कधी मागे हटले नाही. उदगीर जिल्हा झालाच पाहिजे म्हणून गावोगाव सभा घेणारी बाई मी, शेजारणीला काय भिणार? पण आमचा बोअर आटला आणि माझे मुद्देही संपले.

त्यातच माझ्या पिवळ्या मादीनं तोंडात अंडी धरली. हे पिवळे आफ्रिकन सिक्लिड मासे स्वभावानं शांत, आपल्या बोअरच्या जड पाण्यावर खूश. मादी तीन आठवडे पिल्लं तोंडात सांभाळते, काही खात नाही. घाबरली तर गिळून टाकते. हिनं आधी दोनदा गिळली होती. पिल्लांना वेगळं पाणी लागतं, ते आणायचं कुठून? इस्लापूरला धाकट्या बहिणीच्या, शोभाच्या, विहिरीला पाणी होतं. तिसरा आठवडा सरत आला तसं मादीला तळाशी दगड घातलेल्या झाकणाच्या बादलीत सोडलं आणि बॅटरीवरचा हवेचा पंप घेऊन लातूरहून सकाळची नांदेड एसटी धरली. तुम्ही नेणार असाल तर मागच्या चाकावरची सीट टाळा, बादली मांडीवरच ठेवा.

कंडक्टरनं बादलीवर टिचकी मारली. "काय हाय?"

"पाणी."

"मावशी, सारा मुलूख लातूरला पाणी आणून राहिला, अन् तुम्ही बाहेर नेऊन राहिल्या?"

अख्खी बस हसली. "टिचकी नका मारू, आत बाळंतीण आहे," मी म्हणाले. त्यानं आत डोकावून तिकीट एकच फाडलं.

नांदेडला चुरमुऱ्यांची सुशीला खाल्ली, वर कडक चहा. मग भोकर, हिमायतनगर मार्गे इस्लापूरची गाडी. भोकरच्या पुढे रस्ता उखडलेला. शेजारच्या सीटवरच्या काकांनी मला ओळखलं.

"तुम्ही उदगीरवाल्या ना? आधी किनवट जिल्हा व्हतोय, लिहून ठेवा!"

अर्ध्या तासाचं भाषण ओठांवर आलं. मांडीवर ती, आवाजानं दचकणारी. मी बादलीचं झाकण घट्ट धरलं.

"बघा! उदगीरवाल्यांकडं मुद्दाच न्हाई!" काका साऱ्या बसला सांगत सुटले. मी दात आवळून खड्डे मोजत राहिले.

शोभाच्या अंगणात झाकण उघडलं. मादीचा फुगीर गळा सपाट! "गिळली गं!"

"अक्का, वरडू नको. बुडाला बघ की."

तळाच्या दगडांच्या फटीत सतरा पिल्लं वळवळत होती. मग मात्र मी तोंड उघडलं. उदगीरच का, हे शोभाला आणि तिच्या म्हशीला सविस्तर ऐकावं लागलं.

"हे त्या काकाला सांगायचं व्हतं," शोभा जांभई देत म्हणाली.

चार दिवस राहिले. सहस्रकुंडला जाऊन आले, धबधब्याच्या जागी नुसता काळा कातळ. पिल्लांच्या टबातलं थोडं पाणी रोज बदलायचं, तर शोभा करवादली, "विहीर काय तुझ्या माशांच्या बापाची हाय?" मी काढलेलं पाणी तिच्या वांग्यांना घातलं. तिसऱ्या दिवशी मलूल पानं उभी राहिली. तेव्हा म्हणते, "उद्या जास्ती बदल."

आता घरी आहे. पिल्लं शोभाकडे, त्यांची आई माझ्याकडे, खाण्यावर तुटून पडते आहे. काकांना उत्तर दिलं नाही याची रुखरुख आहेच, खोटं कशाला बोलू? सतरा जीवांपायी एक वाद हरले, पण शेजारणीशी वाद घालायची रीत मात्र सापडली. मंडळी, या रविवारी माशांच्या टाकीतून काढलेलं पाणी मोरीत सोडू नका. बादलीत घ्या आणि शेजाऱ्याच्या झाडाला घाला. आपल्या नव्हे, त्याच्या.