पन्नास मैलांनंतर

टायरकाका माणसाच्या आधी त्याच्या गाडीच्या टायरला भेटत. परदेशातल्या आमच्या पिस्कॅटवे गावात कोणाकडे गणपतीची आरती असो नाहीतर बाळाचं बारसं, आपण गाडी लावून दार उघडेपर्यंत हे गृहस्थ पुढच्या चाकापाशी वाकलेले असत आणि रबरात अंगठ्याचं नख रुततं का ते बघत असत. रुतलं तर चेहरा खुलायचा आणि मग "कशी आहेस?" वगैरे. नाही रुतलं तर ख्यालीखुशाली राहिली बाजूला, आधी टायरची चौकशी. एका लग्नात त्यांनी फुलांनी सजवलेल्या गाडीभोवती एक फेरी मारली आणि नवरदेवाला आशीर्वाद द्यायच्या ऐवजी मागच्या डाव्या चाकात हवा कमी असल्याचं सांगितलं. काकूंनी तेव्हा कपाळाला लावलेला हात फोटोतही आला आहे.

काका मूळचे नागपूरचे. कुठल्याशा कंपनीत डेटाबेस सांभाळायचे. त्या नोकरीबद्दल ते कधी बोलत नसत. ऑफिसातून आले की शर्ट बदलून मागच्या पार्किंगमध्ये. आम्ही विद्यापीठात शिकणारी पोरं त्यांना पाठीमागे टायरकाका म्हणायचो, आणि पुढे कधीतरी तोंडावरही म्हणायला लागलो. त्यांना ते आवडत असावं, कारण त्यांनी कधी हरकत घेतली नाही.

मी पीएचडी संपवून नोकरीला लागले आणि गाडी घेतली. आमच्यात सगळे घेतात ती जपानी, चंदेरी, चार दारांची, विकताना किंमत येते ती गाडी मी घेतली नाही. छोटी लाल हॅचबॅक घेतली, हाताने गिअर टाकायची, रुंद काळ्या चाकांची, पळायला हुशार. मित्रमंडळींनी नाकं मुरडली. टायरकाका मात्र तिच्याभोवती फिरले, टपावरून हात फिरवला, आत वाकून गिअरचा दांडा बघितला. मला वाटलं, निदान हे तरी कौतुक करतील. त्यांनी खाली बसून टायरला नख लावलं आणि म्हणाले, "बेटा, ही तर चप्पल घालून बर्फात निघाली. उन्हाळी टायर आहेत हे. पारा पंचेचाळीसच्या खाली आला की दगड होतात." पंचेचाळीस म्हणजे इथलं फॅरनहाइट. तो त्यांचा ठरलेला आकडा होता, त्याखाली गेलं की हिवाळी टायर चढलेच पाहिजेत.

मी म्हटलं, सगळे ऑल-सीझनवर भागवतात, मीही तेच घालीन. "ऑल-सीझन म्हणजे प्रत्येक ऋतूत थोडं थोडं नापास," काका म्हणाले, आणि त्या दिवसापासून माझ्या गाडीची चाकं निवडणं हा त्यांच्या घरातला विषय झाला. मला मूळच्यासारखीच मोठी, रुंद चाकं हवी होती. त्यांचं म्हणणं, हिवाळ्यात दोन इंचांनी लहान रिम घ्यायची, टायर अरुंद आणि जाड घ्यायचा. रुंद टायर बर्फावर तरंगतो, अरुंद असला की बर्फ कापत खाली रस्त्याला जाऊन लागतो. शिवाय खड्ड्यात रिम वाचते. मी म्हटलं, गाडी खेळण्यातली दिसेल. त्यावर ते माझ्याकडे फार दुःखाने बघायला लागले. "दिसायचं काय घेऊन बसलीस? रस्त्यावर मीठ टाकतात, चार महिन्यांत सगळ्यांचीच रिम सारखी दिसते. गाडी रस्त्याला किती टेकते माहीत आहे? चार तळहातांएवढी. त्या चार तळहातांवर तू बसून राहिली आहेस."

पण लहान रिम ब्रेकच्या अवजड भागाला घासली तर? मग रविवारी सकाळी काका पुठ्ठा आणि कात्री घेऊन हजर. माझं चाक उतरवलं, ब्रेकच्या मापाने पुठ्ठा कापला आणि तो पुठ्ठा काखेत मारून आम्ही दुकानांमधून हिंडलो. प्रत्येक रिमच्या पोटात तो पुठ्ठा घालून गोल फिरवायचा. कुठे अडकला की काका पुढच्या दुकानात. काऊंटरवरचा माणूस कॉम्प्यूटरवर बघून "ही बसेल" म्हणाला तरी त्यांचा विश्वास पुठ्ठ्यावर. शेवटी साध्या चंदेरी रिम मिळाल्या, पुठ्ठा अलगद फिरला आणि काका एवढे खूश झाले की बिल माझं असून पार्टी त्यांनी दिली.

घरी आल्यावर काकू मला स्वयंपाकघरात हळूच म्हणाल्या, "तुला कंटाळा तर नाही ना आला? हे असलीच गाडी घेणार होते गं. अगदी अशीच, लाल. कार्ड आलं की घेऊ म्हणतात." कार्ड म्हणजे ग्रीन कार्ड, इथे कायमचं राहायचा परवाना. काका त्या रांगेत इतकी वर्षं होते की इरा, त्यांची मुलगी, याच देशात जन्मून हायस्कुलात गेली होती. घर घेतलं नाही, कार्ड आलं की घेऊ. सोफा जुनाच, कार्ड आलं की बदलू. नोकरी असेतोवरच इथे राहता येत होतं आणि काकांना इथेच राहायचं होतं, एवढी साधी गोष्ट होती. तेव्हा मला कळलं की ती चाकं निवडताना ते कोणाची गाडी बघत होते.

दिवाळी संपली की येणारा शनिवार हा त्यांच्याकडचा सण. सगळ्यांनी आपापले हिवाळी टायर घेऊन यायचं. पार्किंगमध्ये जुनी घोंगडी अंथरलेली, जॅक, फडकी आणि तो त्यांचा लाडका टॉर्क रेंच. नटावर ठरलेला जोर लागला की तो पाना टक असा आवाज करतो. काकांचा क्रम ठरलेला असे, पुढचा डावा, पुढचा उजवा, मागचा डावा, सगळ्यात शेवटी मागचा उजवा. काम चालू असताना बोलायला बंदी, कारण ते टक मोजायचे, एका नटाचा एक. काकू चकल्या घेऊन यायच्या आणि चाक झाल्याखेरीज चकली मिळायची नाही.

निघताना प्रत्येकाला ते एकच वाक्य सांगत. "पन्नास मैल झाले की परत ये." नवीन चढवलेलं चाक थोडं फिरलं की नट किंचित सैल होतात, ते पुन्हा आवळावे लागतात, हे खरंच आहे. त्यामुळे पुढच्या आठवड्यात सगळे परत, पुन्हा टक टक, पुन्हा चहा. मी एकदा काकूंना म्हटलं की नट काय, आपले आपणही आवळू शकतो. "नट कुठले गं," काकू म्हणाल्या, "यांना माणसं परत यायला लागतात."

पहिल्याच हिवाळ्यात चौकात एक गाडी घसरत माझ्यासमोर आडवी आली. मी ब्रेक दाबला आणि माझी खेळण्यातली गाडी तिच्यापासून हातभर अंतरावर थांबली. काकांना फोन केला तर त्यांनी बराच वेळ मला काही बोलूच दिलं नाही, नुसतं "बस, बस, ठीक आहेस न?" एवढंच म्हणत राहिले. त्यांचा आवाज तसा मी आधी ऐकला नव्हता.

आणि मग त्या ऑक्टोबरात त्यांची सगळी टीमच कमी केली. दोन महिन्यांत दुसरी नोकरी मिळाली नाही तर देश सोडायचा. काका मुलाखती देत राहिले. पन्नाशीला आलेल्या माणसाला त्या पोरसवदा मुलांनी स्क्रीनवर कोडी घातली, ती ते सोडवत राहिले. काही झालं नाही. इरा एकदा रागाने म्हणाली, "बाबा, आय डोन्ट इव्हन नो हाऊ टू रीड मराठी." घरातलं सामान एकेक करून गेलं. त्यांची व्हॅन विकली. तरी दिवाळीनंतरचा शनिवार चुकला नाही. रिकाम्या घराच्या मागे त्यांनी सगळ्यांची चाकं बदलली. फक्त माझी बदलली नाहीत. "तुझी जायच्या आदल्या दिवशी," म्हणाले.

तशी त्यांनी ती बदलली, आणि का ते जायच्या दिवशी कळलं. काकू, इरा आणि बॅगा एका मित्राच्या मोठ्या गाडीतून विमानतळाकडे गेल्या. काका माझ्या शेजारी बसले, मांडीवर टॉर्क रेंचची पेटी. केनेडी विमानतळ आमच्यापासून पन्नास मैलांना थोडा कमी पडतो. "थोडे कमी पडून राहिले," काका म्हणाले, "नदीकडून घे." मी नदीकडून घेतली. मग इराच्या शाळेवरून. मग त्यांच्या जुन्या ऑफिसवरून, तिथे त्यांनी मान वळवलीसुद्धा नाही. रस्त्यात ते एकदाच म्हणाले, "गाडी छान चालवतेस बेटा," आणि मग खिडकीबाहेर बघत राहिले. मी गिअर बदलत होते आणि मला समोरचा रस्ता नीट दिसत नव्हता.

विमानतळाच्या पार्किंगमध्ये त्यांनी कोट काढून माझ्या हातात दिला आणि चांगली पँट घातलेली असूनही गुडघे टेकून बसले. पुढचा डावा. पुढचा उजवा. मागचा डावा. काकू दूर ट्रॉलीपाशी उभ्या होत्या, त्यांनी घाई केली नाही. शेवटच्या चाकाला काकांनी पाना माझ्या हातात दिला. "हे तू कर. पुढच्या वर्षी मी नाही." मी आवळलं. ते शेजारी उकिडवे बसून मोजत होते. झाल्यावर पाना पेटीत ठेवून त्यांनी पेटी माझ्याच डिकीत टाकली. मी नको म्हटलं, तर म्हणाले, "नागपुरात काय करू याचं? तिथे पंचेचाळीस झालं की कुलर लावतात." आम्ही दोघंही हसलो आणि त्यानंतर मला रडू आवरलं नाही.

सुरुवातीला त्यांचे मेसेज यायचे. तिकडे पारा किती? मीठ टाकायला लागले का? मग कमी झाले. मी फोन करून टायरचं काही बोलायला लागले की "ते जाऊ दे, आई कशी आहे तुझी?" असं म्हणून विषय बदलायचे. मागच्या वर्षी मी चाकं चढवल्याचं कळवलं, त्यावर नुसता अंगठा आला. काकू फोनवर म्हणाल्या, "हल्ली खाली बघतच नाहीत गं. बिल्डिंगमध्ये एवढ्या गाड्या असतात, हे सरळ चालत जिन्याकडे जातात." मला वाटलं होतं काका तिकडे आहेत, निदान काका म्हणून आहेत. काकूंचं ऐकून वाटलं, माणूस आपण विमानतळावरच घालवून बसलो.

या नोव्हेंबरातही मी एकटीने चाकं बदलली. आठवड्याभरात पन्नास मैल झाले. परत जायला कोणी नव्हतं, तरी शनिवारी सकाळी मी त्यांच्या जुन्या घरामागे गाडी घेऊन गेले. तिथे आता दुसऱ्या कुणाच्या सायकली आहेत. घोंगडी अंथरली आणि काय वाटलं कोण जाणे, फोन चाकापाशी ठेवून रेकॉर्डिंग सुरू केलं. पुढचा डावा, पुढचा उजवा, मागचा डावा, मागचा उजवा. एक शब्द बोलले नाही. नुसते टक काकांना पाठवून दिले, सामान आवरलं आणि आता याचंही उत्तर अंगठाच येणार असं मनाशी म्हणत गाडीत बसले.

नागपुरात संध्याकाळ असणार. गाडी सुरू करणार तेवढ्यात फोन वाजला. काकांचा मेसेज होता.

"मागच्या उजव्याचा एक टक कमी आला. परत बघ."

मी उतरले. मागच्या उजव्या चाकापाशी बसून एकेक नट तपासला. वरचा एक खरोखरच राहिला होता. पाना हातात धरून मी तिथेच थंड जमिनीवर बसले आणि पोटभर रडले. मग पाना त्या नटाला लावला, फोन जवळ धरला आणि तेवढा एक टक त्यांना पाठवला.