नौशाचा तुरा

सुग्राबीच्या हाती एकदा मनगट लागलं की ते रिकामं परत जात नसे. बाभुळगावात राहत्या घराच्या पुढच्या खोलीतच तिचं बांगड्यांचं दुकान. बाई समोर बसली की सुग्राबी तिचा हात मांडीवर घ्यायची, अंगठ्याखालचा मऊ भाग चेपायची, बोटं एकात एक दाबायची, आणि सासू कशी आहे एवढं विचारेपर्यंत बांगडी मनगटावर. आईनं शिकवलेला नियम तिनं जन्मभर पाळला. बांगडी हाडावर आली की थांबायचं नाही. बाईनं हात ओढला तरी धरून ठेवायचं आणि सारायचं. मध्येच सोडलं तर काच फुटते, हात कापतो.

नवरा वारला, लेक फरहा लग्न होऊन यवतमाळला गेली, आणि दुकान बंद केल्यावर घरात बोलायला कुणी उरलं नाही. तेव्हा तिनं पक्षी घेतला. आपला हिरवा पोपट पाळायला बंदी आहे हे तिला ठाऊक होतं, म्हणून पक्ष्यांच्या दुकानातून कॉकटील, म्हणजे छोटा परदेशी पोपट, आणला. अंग करडं, गालावर शेंदरी टिकल्या आणि डोक्यावर उभा तुरा, जणू सेहरा बांधून निघालेला. म्हणून नाव नौशा, म्हणजे नवरदेव. निव्वळ स्वतःच्या हौसेखातर तिनं आयुष्यात दुसरं काही घेतलेलं कुणाला आठवत नाही.

नौशा शीळ छान घालायचा. कुकरच्या शिट्टीला उत्तर द्यायचा. आणि चावायचा. चांगलं रक्त निघेपर्यंत.

सुग्राबी ते झाकत होती. बोटाला पट्टी दिसली की काच लागली म्हणायची. तिच्या धंद्यात ते खपूनही जायचं. पण ईदला नात माहनूर आली, नानी करते तसंच पिंजऱ्यात बोट घातलं, आणि नौशानं ते सोडलं नाही. चार वर्षांची पोर. घर डोक्यावर घेतलं तिनं.

फरहाला दुसऱ्यांदा दिवस गेले होते. पहिलं बाळंतपण सासरी झालं, ते सुग्राबीच्या मनात सलत होतं. या खेपेला लेक आपल्याकडे येणार म्हणून तिनं डिंक-मेथीसुद्धा आणून ठेवली होती. घरात उर्दू आणि वऱ्हाडी दोन्ही चालायच्या. फरहा रागावली की मात्र निव्वळ वऱ्हाडी.

"अम्मी, त्या पाखराले दुकानात वापस देऊन दे. नाहीतर मी येत नाही. घरात बाळ राह्यल, माहनूर राह्यल. मी कोणाकोणाची बोटं मोजू?"

"सुधरवीन ना वं त्याले."

"सातव्या महिन्यात येऊन पाहीन. तेव्हा चावला तर तो तरी जाईल, नाहीतर मी तरी."

मग सुधारणा सुरू झाली. गल्लीत प्रत्येकाकडे सल्ला होता आणि एकाच्याही घरी पक्षी नव्हता. मिरची खाऊ घाल, चोचीवर टिचकी मार, हातमोजा घाल. मिरची त्यानं आवडीनं खाल्ली. टिचकीला तो दुप्पट जोरानं चावला. हातमोजा पाहून पिंजऱ्यात असा आपटला की सुग्राबीनंच रडत मोजा चुलीत टाकला. चावला की ती किंचाळून हात झटकायची, आणि नौशा तेवढं नेमकं शिकला होता. हात घालवायचा तर चावायचं.

एक दिवस इंदुताई बांगड्या भरायला आल्या. पंचायत समितीतून निवृत्त झालेल्या, जिभेला हाड नाही, आणि संधिवातानं बोटं आखडलेली. त्यांनी हात दिला आणि लगेच मागे घेतला. सुग्राबीनं धरला नाही. चहा ठेवला, सुनेची चौकशी केली. हात आपोआप सैल होऊन मांडीवर आला, तेव्हा कुठे तिनं बांगडी उचलली.

मागे नौशा शीळ घालत होता. बांगड्या भरून झाल्यावर सुग्राबीनं सवयीनं पिंजऱ्यात बोट घातलं. "ये, ताईला सलाम कर." नौशा मागे सरकला, तुरा डोक्याला चपटा चिकटला. बोट पुढे गेलं. तो आणखी सरकला. बोट आणखी पुढे. मग जे रोज व्हायचं तेच झालं.

इंदुताई हसल्या. "माहा हात आखडला तं तू चहा पाजला. अन् त्यानं एवढा तुरा पाडला तरी बोट पुढंच. त्याले का बांगडी भरून राह्यली?"

सुग्राबी बोटाचं रक्त चोखू लागली. हाडावर आल्यावर थांबायचं नाही, हा तिचा नियम. पण हात सैल झाल्याशिवाय बांगडी उचलायचीच नाही, हा त्याच्या आधीचा. पक्ष्याच्या बाबतीत ती सुरुवातच हाडावरून करत होती.

त्या दिवसापासून पिंजऱ्यात हात घालणं बंद. ते त्याचं घर. ती दार उघडायची आणि बाजरीचं कणीस घेऊन बाहेर बसायची. आला तर आला. तुरा चपटा दिसला की चावायच्या आत हात मागे. चुकून चावलाच, तर ओरडणं नाही, झटकणं नाही. मुकाट्यानं त्याला खुर्चीच्या पाठीवर ठेवायचं. हे शेवटचं तिला फार जड गेलं, कारण ओरडायला तिला आवडतं. पण न चावताही हात जातो, हे नौशाला हळूहळू पटलं आणि चावणं कमी झालं. बंद झालं म्हणणार नाही. तो पक्षी आहे, उशी नव्हे.

सातव्या महिन्यात फरहा आली. पाहायलाच आली होती, बॅग न घेता. माहनूर तिच्या ओढणीमागे.

सुग्राबीनं पिंजऱ्याकडे पाहिलंही नाही. नातीला समोर बसवून लहानशी बांगडी काढली. "नको वाटलं तं हात मांग घेजो. मी थांबीन."

माहनूरनं मुद्दामच हात ओढला. सुग्राबी थांबली. पुन्हा ओढला, पुन्हा थांबली. पोरीला मजा वाटली. मग तिनं स्वतःच हात पुढे केला.

"नौशाले हात नाही, तुरा हाये. चपटा केला का समजायचं, तो नको म्हणते."

मग दार उघडलं. माहनूर चटईवर कणीस धरून बसली. फरहा पोटावर हात ठेवून दारात उभी. नौशा तुरुतुरु चालत आला, तुरा अर्धा वर, दाणे टिपू लागला. जरा वेळानं तुरा खाली गेला. सुग्राबीचे ओठ हलले, पण तिच्या आधी माहनूरनं कणीस मागे घेतलं.

"नानी, नको म्हणते."

फरहा आत आली. पलंगावर बसली, चपला काढल्या आणि नवऱ्याला फोन लावला. "माही बॅग आणून द्या. हौ, मोठी."

संध्याकाळी इम्तियाज बॅग घेऊन आला. जावई भला माणूस, पण घाईचा. बॅग एका हातात असतानाच त्यानं दुसऱ्या हाताचं बोट सरळ गजांतून आत घातलं. "काय नवरदेव, सुधरले म्हणतात."

नौशा मागे सरकला, तुरा चपटा केला, मग चावला. सुग्राबीची नजर लेकीवर होती.

"अब्बू," माहनूर म्हणाली, "त्यानं पहिलेच सांगतलं होतं. तुमी पाह्यलंच नाही."

इम्तियाजनं बोट तोंडात घातलं, बायकोकडे पाहिलं. फरहानं बॅग कुठे ठेवायची ते हातानंच दाखवलं.