मोठ्या बाईंचा वजिफा

अंबडच्या मुलींच्या सरकारी शाळेत मी नवी मास्तरीण म्हणून रुजू झाले, तेव्हा मोठ्या बाईंनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "माझी काडीमोड झालीया. दुसऱ्या कोणी कानात सांगायच्या आत मीच सांगते. मी टाकलेली न्हाई, सुटलेली हाय." आणि इतक्या खळखळून हसल्या की मलाही हसू आवरेना.

त्या केदारखेड्याच्या शेतकरी घरातल्या. पंचांसमोर लग्न मोडलं, तेव्हा माहेरी बसून न राहता शिकल्या आणि निजामाच्या नोकरीत लागल्या. कचेरीतल्या कारकुनाने नवऱ्याचं नाव विचारलं की म्हणायच्या, "बापाचं लिहा. ते मोडत न्हाई."

मी आले त्या वर्षी त्यांच्या नोकरीची पंचवीस वर्षं भरली. वजिफा, म्हणजे निवृत्तीनंतरचा सरकारी पगार, आता मागता येत होता; थांबलं तर जास्त बसणार होता. दर बाजारच्या दिवशी त्यांचा धाकटा भाऊ यायचा.

"आक्का, तुला ना नवरा ना लेकरू. उद्या कमीजास्त झालं तर वजिफा बुडाला. आत्ताच घे अन् चल घरी."

"कोणाच्या?"

"माझ्या."

"बघ, तूच म्हनला."

भाऊही हसायचा आणि भुईमुगाच्या शेंगा ठेवून जायचा. पण त्या हिवाळ्यात बाई तीन आठवडे तापाने अंथरुणावर होत्या. मी घाबरले. म्हटलं, "बाई, भाऊ बराबर म्हणतात. अर्ज करा."

"करते. विचार करून राह्यले," म्हणाल्या, आणि उशाला बसवून माझ्याकडून त्रैराशिकाची गणितं करून घेतली. ट्रेनिंगच्या परीक्षेत मी एकदा नापास झाले होते.

दुसऱ्या खेपेला पास झाले. निकाल घेऊन धावत गेले, तर बाईंनी ट्रंकेतून एक कागद काढला. वजिफ्याचा अर्ज. सही वर्षभरापूर्वीच केलेली. तारखेची जागा तेवढी कोरी.

"ट्रेनिंग झालेली बाई न्हाई, तर शाळा बंद, असा कायदा हाय," त्या म्हणाल्या. "पोरी मंग घरीच बसल्या असत्या. आता टाक तारीख. जल्दी!"

मी तारीख टाकली. त्या पुन्हा खळखळून हसल्या.

महिनाअखेरीस वजिफा घेऊन बाईंनी शाळा सोडली. दुसऱ्या दिवशी शाळेचं कुलूप मी उघडलं. एकही मुलगी गैरहजर नव्हती.